चकचकीत नको

"काकू, लॅपटॉप चालू करून बघतात हो. बंद करून काय दिसणार?"

दुकानातली मुलगी हसू दाबत म्हणाली. मी टेबलावरच्या तिसऱ्या की चौथ्या लॅपटॉपसमोर वाकले होते आणि दरवेळी तिला एकच सांगत होते, की हा जरा बंद कर.

"मला बंद असतानाच बघायचाय," मी म्हटलं.

तिनं बटण दाबलं. फुलं, डोंगर, निळं पाणी, सगळं विझलं आणि त्या काळ्याभोर काचेत मी वर आले. पिकलेले केस, चष्मा, गळ्याखाली सैल पडलेली कातडी. माझ्या खांद्यामागे जयवंत भाऊजी तोंड पाडून उभे होते, तेही स्वच्छ दिसत होते. अगदी मिशीसकट.

"हा नको. पुढचा दाखव."

"अहो वहिनी, पण का नको?" भाऊजींनी विचारलं आणि शेजारी प्रिंटर बघत उभं असलेलं जोडपं दचकून वळलं.

जयवंत भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळा जन्म स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेला, त्यामुळे साधं 'चहा घेणार का' हेसुद्धा ते शेवटच्या फलाटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारत. माणूस मनानं फार चांगला, पण पोटात काही म्हणून राहत नसे. सकाळी त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट दुपारच्या गाडीनं पाचगणीला पोचलेली असायची.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. ह्यांना शेजारणीवर सोपवून आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं वाईहून साताऱ्याला आलो होतो. मला घाई होती. ह्यांच्या दुपारच्या जेवणाला मला घरी पोचायचं होतं; ते दुसऱ्या कुणाच्या हातून खात नसत. तळपाय दुखत होते. वर्षभर मला कुठंही बसलं की झोप यायची आणि आडवं झालं की उडायची. त्या दुकानातल्या गार हवेत उभ्या उभ्याच मला पेंग येत होती.

"काकू, तुम्हाला नेमका कसा हवाय?" मुलीनं विचारलं. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती, नीलम म्हणून. "हे सगळे ग्लॉसी आहेत. आता हेच चालतात. फोटो बघा, पिक्चर बघा, रंग कसे उठून दिसतात."

"चकचकीत नको."

"म्हणजे मॅट?"

"मॅट म्हणजे चटई ना?" भाऊजी म्हणाले. "लॅपटॉपला चटई कशाला? टेबलावर ठेवायचाय, जमिनीवर नाही."

नीलम आता मोकळेपणी हसली. "मॅट स्क्रीन, काका. पडदा जरा खरखरीत असतो. त्यात मागचं-पुढचं काही दिसत नाही, चकाकी मारत नाही."

"तोच," मी म्हटलं. "तोच दाखव."

"पण त्यात रंग फिके वाटतात, काकू. सिनेमा बघायला मजा नाही येणार."

"सिनेमा नाही बघायचा. टायपिंग करायचंय."

"टायपिंग तर ह्याच्यावरही होतं की!" भाऊजींनी चकचकीत लॅपटॉपच्या कडेवर हात ठेवला. घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा. "काय सुंदर वस्तू आहे बघा. दादा खूश होईल. वर्षभर माणूस त्या खोलीत बसून आहे, जरा रंग तरी बघू देत त्याला!"

"डोळ्यांना त्रास होतो चकाकीचा."

"दादाच्या? दादाचे डोळे ठणठणीत आहेत. गरुडाचे डोळे आहेत. बिघडलंय ते तोंड, डोळे नाहीत!"

जोडपं पुन्हा वळलं. खरं कारण मला सांगता येत नव्हतं. भाऊजींना तर नाहीच, कारण त्यांनी त्याच दुपारी घरी येऊन, पायऱ्या चढता चढताच, ते दादाला ऐकवलं असतं.

आमच्या ह्यांची वाईत टायपिंग इन्स्टिट्यूट होती. गावातल्या कितीतरी कारकुनांची बोटं ह्यांनीच वळवलेली. सगळे त्यांना सुपेकर सर म्हणत. कळांकडे बघायचं नाही, हा त्यांचा एकच घोष. जो बघेल त्याच्या हातांवर रुमाल टाकायचे. "न बघता आलं तर आलं म्हणायचं," हे वाक्य मी स्वयंपाकघरात बसून इतक्या वेळा ऐकलंय, की कणीक मळतानासुद्धा ते माझ्या कानात वाजायचं. बोटं मशिनवर आणि डाव्या गालात तंबाखूची चिमूट. ती चिमूट शेवटी भोवली. पुण्याच्या हॉस्पिटलात डाव्या बाजूचा खालचा जबडा काढला आणि छातीची कातडी आणून गालाला जोडली.

डॉक्टर म्हणाले होते, चेहरा हळूहळू दाखवू, घाई नको. पण एकदा तपासणीला खाली नेताना लिफ्टचं दार बंद झालं. नवं, लख्ख स्टीलचं दार. चाकाच्या खुर्चीत हे, मागे मी. खालचा मजला येईपर्यंत ते त्या दाराकडे बघत राहिले. मी मागून त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवायला हवा होता की काय, ते आजही मला ठरवता येत नाही. खोलीत परत आल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर दिवसचे दिवस ते भिंतीकडेच. नळीतून जाईल तेवढं अन्न जात होतं. कुणी हाक मारली की डोळे मिटून घ्यायचे. जखम भरत होती आणि माणूस संपत चालला होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून हे वेगळ्या शब्दांत सांगितलं, पण अर्थ तोच.

कसाबसा त्यातून बाहेर काढून त्यांना घरी आणायचं ठरलं, तेव्हा मी एक दिवस आधी वाईला आले आणि घर फिरून बघितलं. आरसा शोधायच्या नजरेनं बघितलं. बेसिनवरचा काढला. कपाटाच्या दाराला आतून-बाहेरून कापड लावलं. टीव्हीला क्रोशाचं झाकण होतंच, ते पुढून खाली ओढून टाके घातले. मग स्वयंपाकघरात गेले तर ताटं, वाट्या, पेले, डबे, सगळ्या मांडणीवर मीच मी. माझी भांडी म्हणजे आळीत नावाजलेली. ती सगळी पोत्यात भरून माळ्यावर टाकली आणि मेलामाइनचे वाडगे आणले. दिवेलागणीला खिडक्यांच्या काचांत माणूस दिसतो, हे तोवर माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. पडदे लावायला लागले.

दिनकर न्हावी घरी येऊन ह्यांची दाढी करायचा. काम झालं की समोर आरसा धरायचा, ही त्याच्या हाताची जन्माची सवय. त्याला मी पहिल्याच दिवशी दारात गाठून सांगितलं होतं. तरी दाढी झाली की त्याचा हात पेटीकडे जायचा. मी बघायची. हात रिकामा परत यायचा.

असं वर्ष गेलं. हे भिंतीकडून इकडे वळले. खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागले. मी भरवलेलं खाऊ लागले. ओठ मिटत नसल्यामुळे प, ब, म असली अक्षरं त्यांच्या तोंडातून गेली होती आणि उरलेली एकमेकांत सांडत होती. त्यांचं बोलणं मलाच तेवढं कळायचं. मला ते नुसतं 'अगं' म्हणायचे. कुणी जुना विद्यार्थी भेटायला आला तर उठून आतल्या खोलीत जायचे आणि मी बाहेर चहा करत बसायची.

मग बंगळूरहून आमच्या लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, बाबांची बोटं कुठं आजारी आहेत? त्यांना लॅपटॉप घे. लाइट गेली तरी चालतो." मी फोन ठेवून ह्यांना सांगितलं. थोड्या वेळानं बघते तर मांडीवरच्या चादरीवर बोटं हलत होती. दहाही बोटं, नीट, आपापल्या जागी.

"आणू?" मी विचारलं.

"आण," ते म्हणाले. आजारपण सुरू झाल्यापासून त्यांनी हवं म्हटलेली ती पहिली वस्तू.

आणि आता ही वस्तू दुकानात रांगेनं मांडून ठेवलेली, आणि ओळीनं सगळे आरसे. लाइट जाईल, पडदा काळा होईल, हे समोर बसलेले असतील. माझ्या डोळ्यांपुढे लिफ्टचं दार येत होतं.

"काकू," नीलम हळूच म्हणाली. तिनं माझा बंद पडद्यात बघण्याचा वेगळाच अर्थ लावला होता. "छान दिसताय तुम्ही. फक्त कुंकू जरा डावीकडे गेलंय. पुसायला देऊ काही?"

मी पुन्हा काचेत बघितलं. खरंच होतं. भुवईच्या वर, भलतीकडेच. वर्षभर मी अंदाजानं लावत होते. माळ्यावरचा आरसा काढून बघण्याइतकी ना सवड होती, ना इच्छा.

"राहू दे गं," मी म्हटलं. "तू मॅटचं बघ."

ती आत गेली. बराच वेळ खोकी सरकवल्याचे आवाज येत राहिले. भाऊजी खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी ती एक लॅपटॉप घेऊन आली आणि ओढणीनं त्याच्यावरची धूळ झटकली.

"एकच आहे. कुठल्यातरी ऑफिसनं मागवला होता, मग नेलाच नाही. चालतोय चांगला. पण मॉडेल जरा मागचं आहे."

जाडजूड, काळपट, कोपरे बोथट. झाकण उघडलं. ती बटण दाबणार इतक्यात मी तिचा हात धरला आणि वाकून बघितलं. काही नव्हतं. पडदा राखेसारखा. मी चेहरा पुढे नेला, मागे नेला, डावीकडून बघितलं. एक मळकट सावली हलली, बस्स.

"हाच," मी म्हटलं.

"ही तर शाळेची पाटी आहे!" भाऊजी ओरडले. "वहिनी, साताऱ्याला येऊन पाटी घेऊन जायची? लोक काय म्हणतील? दादा काय म्हणेल?"

"ते काय म्हणतात ते मलाच कळतं, भाऊजी. मी बघून घेईन."

हे मी फार तोडून बोलले. भाऊजींचा चेहरा उतरला. नीलमनं मान खाली घालून मराठी अक्षरं घालायला घेतली. टाइपरायटरसारखीच कळांची मांडणी हवी, हे मी तिला परत परत बजावलं. तिनं तसं करून दिलं, आणि खोकं बांधून देताना मला म्हणाली, "काकांना आवडेल बघा." मला आवडेल असं तिला वाटत नसावं.

परतीच्या गाडीत भाऊजी खिडकीशी बसले आणि मी खोकं मांडीवर घेऊन. पाचवडपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. भाऊजींच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हती. मला वाटलं, चला, रागावले तर रागावले, डोळा तरी लागेल. तेवढ्यात ते बोलले, आणि इतक्या हळू की मला आधी वाटलं पुढच्या बाकावरून कुणी बोललं.

"वहिनी, दादा आता कसा दिसतो हो?"

मी त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे? परवाच तर येऊन गेलात की."

"येतो. येऊन पेपर उघडतो." ते खिडकीबाहेर बघत होते. "पेपरच्या आडून गप्पा मारतो. त्याच्या तोंडाकडे बघायचं मला होत नाही. एकदाच बघितलं, हॉस्पिटलात. लहानपणी मला सायकलवर पुढे बसवून न्यायचा तो. मान वळवली की त्याचा चेहरा असा इथं..." त्यांनी आपल्या कानाजवळ हात नेला आणि तसाच ठेवला. "तुम्ही कशा बघता?"

"भरवायचं असतं," मी म्हटलं. "न बघता कसं भरवणार?"

त्यांनी मान हलवली. मग नेहमीच्या आवाजात कंडक्टरला म्हणाले, "काय रे, गाडी आज उद्या पोचवणार का?" आणि खोकं माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

घरी पोचलो तेव्हा भाऊजी पायऱ्यांवरूनच सुरू झाले. "दादा, तुझ्या बायकोनं तुला चटई आणलीय! मॅट! दुकानात एकाहून एक चकचकीत माल सोडून ही पाटी उचलली. आणि सगळे लॅपटॉप बंद करून बघत होती, बंद! दुकानातली पोरगी हसत होती."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदरानं घाम पुसला आणि आत गेले. कुकर लावायचा होता, भात-वरण शिजवून, घोटून, गाळून घ्यायचं होतं. आतून मला भाऊजींचा आवाज ऐकू येत होता आणि मधूनच पेपरची घडी उलगडल्याचा.

जेवणं झाली. भाऊजी गेले. मी ह्यांचं तोंड पुसलं, वाडगा उचलला आणि वळले, तर मागून टकटक ऐकू आली. टाइपरायटरचा तो दणदणीत आवाज नव्हे, पत्र्यावर बोटानं हळू वाजवल्यासारखी. मध्येच थांबली, पुन्हा सुरू झाली. मला लाइट कधी जाते याचीच धास्ती होती. आणि ती गेलीच, दुपारची नेहमीची. पंखा थांबला. लॅपटॉप चालू राहिला. हे थांबले, आणि आपणहून बटण दाबून त्यांनी पडदा विझवला.

मी दारातच वाडगा हातात घेऊन उभी.

त्यांनी पडदा थोडा मागे केला, थोडा पुढे केला. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. दुकानात मी करत होते, तसंच. मग पुन्हा बटण दाबलं.

"अगं," त्यांनी हाक मारली.

मी जाऊन खुर्चीमागे वाकले. पडद्यावर पहिल्या ओळीत प फ ब भ म, प फ ब भ म, असं कडेपर्यंत लिहिलेलं. त्यांच्या नव्या विद्यार्थ्यांना ते गिरवायला लावत असत तसं. दुसऱ्या ओळीत एकच शब्द होता.

प्रमिला.

मी वाचला. ते वळून बघत होते, की मी वाचते की नाही. "हां," मी म्हटलं. हाकेला ओ द्यावी तसं. मग वाडगा घासायचा राहिलाय म्हणून आत गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकर आला. ह्यांच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला, उजव्या गालाला साबण लावला, डाव्या बाजूला फक्त कडेकडेनं, हलक्या हातानं वस्तरा फिरवला. मी दाराशी तांदूळ निवडत बसले होते. रोज त्या वेळेला मी तिथंच काहीतरी निवडत बसायची. दाढी झाली. दिनकरनं टॉवेल झटकला. हात पेटीकडे गेला, आणि माझी नजर गेली तसा परत आला.

"आरसा," हे म्हणाले.

हरवलेलं एकही अक्षर त्या शब्दात नव्हतं. दिनकरलाही तो लख्ख कळला. तो माझ्याकडे बघायला लागला.

"दिनकर, आज आरसा दुकानातच राहिला असेल ना रे?" मी म्हटलं.

"व्हय वहिनी, राहिला की. काल काच तडकली... म्हणजे राहिला." बिचाऱ्याचे कान लाल झाले.

हे आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या घशातून एक आवाज आला. ते हसत होते, हे कळायला मला वेळ लागला. त्या आवाजाची मला ओळख राहिली नव्हती.

"अगं, इकडे ये. हे स्टूल घे. बस."

त्यांचं बोलणं मी इथं नीट करून लिहितेय. तेव्हा ते तुकड्या-तुकड्यांनी आलं होतं. मी तांदळाचं सूप खाली ठेवून त्यांच्यासमोर बसले. त्यांनी दोन बोटांनी माझी हनुवटी धरली, चेहरा खिडकीकडे वळवला, जरासा वर उचलला. मला वाटलं, कुंकवाचं काहीतरी. मी हात वर नेला तर त्यांनी तो खाली केला.

"हलू नको."

आणि ते पुढे वाकले. त्यांनी मान ताणली. उजवा गाल पुढे केला, बोटानं चाचपला. मग डावा. तो शिवलेला, आत गेलेला गाल त्यांनी अगदी सावकाश माझ्यासमोर आणला, खाली केला, वर केला. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांकडे नव्हते. त्यांच्या थोडेसे अलीकडे, काचेवर होते.

"दिनकर," ते म्हणाले आणि कानाच्या पाळीखाली बोट ठेवलं. "इथं राहिलंय."

दिनकर वाकला. खरंच राहिलं होतं. त्यानं वस्तरा पुन्हा पाण्यात बुडवला.

तो गेल्यावरही मी स्टुलावरच होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"घरी आलो तेव्हापासून. तू चमचा घेऊन समोर बसतेस. दोन काचांत दोन दिसतात."

"आणि मी वेडी घरभर पडदे लावत फिरतेय!" मला एकदम रडू आणि राग दोन्ही आलं. "बोलायचं नाही का? भांडी चढवली मी माळ्यावर. कंबर मोडली माझी. वर्षभर मेलामाइनमध्ये जेवतोय आपण."

"मोठ्या आरशात झेपलं नसतं," ते म्हणाले. थांबले. तोंडाची कड पुसली. "तुझ्या चष्म्यात अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. तेवढा झेपत होता. रोज तेवढाच बघत गेलो." मग खिडकीत ठेवलेल्या लॅपटॉपकडे बघून म्हणाले, "जयवंत काल मॅट मॅट ओरडत होता. मला आधी कळेना. मग कळलं. तू तर सगळं घरच मॅट केलंस."

बाहेर कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं.

"बदलून आणू का?" मी थोड्या वेळानं विचारलं. "चकचकीत हवा असेल तर. ती मुलगी चांगली आहे, देईल बदलून."

"नको. ह्याच्यात अक्षरं बरी दिसतात. आणखी काय बघायचंय त्यात?" त्यांनी अंगठा स्वतःच्या टॉवेलला पुसला आणि माझ्या कपाळावर भुवईपाशी टेकवून तिथलं कुंकू पुसून टाकलं. "बेसिनवरचा तेवढा लाव परत. माझ्यासाठी नको. टायपिंग न बघता येतं. कुंकू येत नाही. वर्षभर वाकडं लावतेयस."

"मग तेही नाही सांगितलंत!"

"सांगितलं असतं, तर तू माळ्यावरून आरसा काढला असतास. मग मला तुझा चष्मा कशाला लागला असता?"

आरसा त्याच दुपारी लावला. संध्याकाळी भाऊजी आले, त्यात बघून त्यांनी भांग पाडला आणि ओरडून विचारलं, "वहिनी, हा नवा घेतला का?" मी हो म्हटलं. त्या दिवशी ते खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर दादाच्या शेजारी बसले. दादा लिहीत गेला आणि ते मोठमोठ्यानं वाचत गेले. दोघांनाही पडद्याकडे बघायचं होतं, त्यामुळे पेपर लागला नाही. मधेच भाऊजींनी मान वळवली. मी आतून बघत होते. त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं, थांबले, आणि परत वळवली.

त्यानंतर हे चांगली काही वर्षं राहिले. त्या पाटीवर त्यांनी किती लिहिलं, किती जणांना शिकवलं, ती वेगळी गोष्ट. बेसिनवरच्या आरशात ते स्वतः कधी बघायला गेले नाहीत. दिनकरनंही पेटीतला आरसा पुन्हा काढला नाही; दाढी झाली की तो टॉवेल झटकायचा आणि बाजूला होऊन मला जागा करून द्यायचा. मी स्टूल ओढून खिडकीकडे तोंड करून बसायची. तो यायच्या आधी पदरानं चष्मा तेवढा पुसून ठेवायची.